‘रजा दोन महिने वाढवून मिळेल का?’ : बाळंतपणाच्या रजेनंतर येणारा अर्ज कसा हाताळावा

हा मेसेज बहुधा रविवारी संध्याकाळी येतो. हजर व्हायची तारीख आठ-दहा दिवसांवर आलेली असते. घरात त्यावर चार वेळा बोलणं झालेलं असतं. मग धीर करून ती लिहिते, “मॅडम, बाळ अजून लहान आहे, घरी बघायला कोणी नाही. रजा दोन महिने वाढवून मिळेल का?”

आपल्याकडे यावर दोनच उत्तरं ठरलेली असतात. एक “बघू”, दुसरं “पॉलिसीत बसत नाही”. पहिल्या उत्तरावर ती आशा लावून बसते आणि तिचा सुपरवायझर सोमवारी तिची वाट बघतो. दुसऱ्या उत्तरानंतर महिन्याभरात राजीनामा येतो. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत आणि ऑफिसांत एचआरचं काम करताना ही दोन्ही उत्तरं मी दिलेली आहेत. दोन्ही वेळा चांगली माणसं गेली आणि त्यांच्या जागी आलेल्यांना काम शिकवायला रजेपेक्षा जास्त महिने लागले.

खूप उशिरा लक्षात आलं की अर्ज रजेचा असला तरी आपल्याला ठरवायचं असतं ते तिचं परत येणं. कुठल्या तारखेला, किती तास, कुठून, आणि तोवर पगाराचं काय, हे कागदावर आलं की रजा किती वाढवायची हा प्रश्न निम्मा सुटतो. पुढे जे लिहिलंय ते खाजगी कंपनी, कारखाना, दुकान, शाळा किंवा क्लिनिक चालवणाऱ्यांसाठी आणि तिथे एचआर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सरकारी नोकरीचे नियम वेगळे आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवस प्रसूती रजा आणि त्याशिवाय सबंध नोकरीत 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळते. “माझ्या बहिणीला मिळाली, मला का नाही?” हा प्रश्न अनेकदा तिथूनच येतो. तो रास्त आहे, पण त्याचं उत्तर तुमच्या हातात नाही. तेवढं सरळ सांगावं.

आधी पोच, निर्णय नंतर

मेसेज आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तर द्या, पण फोनवर होकार-नकार काहीच देऊ नका. एवढं लिहिलं तरी पुरे: “मेसेज मिळाला. बाळ आणि तुम्ही बरे आहात ना? रजेबद्दल दोन ओळींचा ईमेल किंवा अर्ज पाठवा. किती दिवस हवेत आणि साधारण कारण काय, एवढंच लिहा. शुक्रवारपर्यंत कळवते.” शुक्रवार म्हटलं की शुक्रवारीच कळवायचं. ओली बाळंतीण रात्री तीनदा उठत असते, त्यात तुमच्या उत्तराची वाट बघायला लावू नका.

अर्ज लेखी का मागायचा? तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी तुम्ही नोकरी बदललेली असते, सुपरवायझर बदललेला असतो आणि “मला तोंडी सांगितलं होतं” याला काही आधार उरत नाही. लेखी कागद तिचंही रक्षण करतो.

अर्जात कारण मागा, आजाराचा तपशील मागू नका. टाके भरले नाहीत की मन थाऱ्यावर नाही, हे सगळ्या ऑफिसने वाचायची गरज नसते. डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘विश्रांतीची गरज आहे’ आणि कालावधी असला की पुरे.

तारीख मोजा, कारण ती बऱ्याचदा चुकलेली असते

कायद्यात ‘सहा महिने’ असा शब्द नाही, 26 आठवडे आहेत. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस, रविवार आणि सुट्ट्या धरून. आठवडा सात दिवसांचा धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह खटल्यात 1977 च्या सुमारासच स्पष्ट केलं आहे. तरीही कुठे 180 दिवस धरले जातात, कुठे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा कॅलेंडर महिने टाकलेले असतात. रजा वाढवण्यावर बोलण्याआधी मूळ रजा पुरी मिळाली आहे ना, ते तपासा. दोन दिवस कमी दिले असतील तर ते आधी द्या.

समजा, एका बाईंची रजा सोमवारी 5 जानेवारी 2026 ला सुरू झाली. 182 वा दिवस येतो रविवार, 5 जुलै. हजर व्हायचं सोमवारी 6 जुलैला. डिलिव्हरी झाली 20 फेब्रुवारीला. आता बाळाचं वय मोजा: 6 जुलैला ते साडेचार महिन्यांचं आहे. बाळाला सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध द्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे उष्टावणही साधारण तेव्हाच करतात. म्हणजे 20 ऑगस्टपर्यंत हे बाळ पूर्णपणे आईवर अवलंबून आहे. अर्जात ‘दोन महिने’ का मागितले, ते इथे उलगडतं.

कायद्याने बाळंतपणाआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. ती कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. पण रोज दीड तास बसमध्ये उभं राहून येणाऱ्या बाईला आठव्या महिन्यात घरी थांबावंच लागतं. आधी जितके आठवडे जातात, तितकं बाळ परत येताना लहान असतं. म्हणून अर्ज वाचताना रजा किती झाली यापेक्षा बाळ किती दिवसांचं आहे ते आधी बघावं, असं मला वाटतं.

दोन किंवा जास्त मुलं हयात असताना पुढचं बाळंतपण असेल तर रजा 12 आठवडे, म्हणजे 84 दिवस. त्यातले आधी घेता येतात 6 आठवडे. या बायकांचे वाढीव रजेचे अर्ज जास्त येतात आणि त्यांनाच सगळ्यात कमी सहानुभूती मिळते. तिसरं बाळ झालं म्हणून शरीराची झीज कमी होत नाही. तीन महिन्यांपेक्षा लहान मूल दत्तक घेणाऱ्या आईलाही 12 आठवडेच मिळतात, मूल हातात आल्या दिवसापासून.

कुठली रजा कायद्याने द्यावीच लागते

1961 च्या प्रसूती लाभ कायद्याच्या जागी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमच्या एचआर मॅन्युअलमध्ये अजून जुन्या कायद्याचं नाव असेल तर बदलून घ्या. रजेचे मुख्य नियम मात्र तेच राहिले आहेत.

26 आठवड्यांनंतर आणखी रजा मागण्याचा सरसकट हक्क कायद्यात नाही. एक बाब मात्र वेगळी आहे आणि तीच अनेक ठिकाणी कुणाला माहीत नसते. गरोदरपण, बाळंतपण, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांतून आजार उद्भवला असेल, तर योग्य तो दाखला दिल्यावर जास्तीत जास्त एक महिना आणखी रजा मिळते, आणि तीही प्रसूती लाभाच्याच दराने, म्हणजे पगारी. जुन्या कायद्यात हे कलम 10 होतं, संहितेत कलम 65 मध्ये आहे. ही कंपनीची मेहेरबानी नाही. तिच्या शिलकीतल्या पीएलमधून, म्हणजे अर्जित रजेतून, ती कापायची नाही. ‘आधी तुमची पीएल संपवा, मग बघू’ असं सांगणंही चूक.

सिझेरियनच्या जखमेत पू होणं, रक्तदाब न उतरणं, अंगातलं रक्त कमी होणं ही या रजेची नेहमीची कारणं. बाळंतपणानंतरचं नैराश्यही यात येतं. मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला आला की तो स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दाखल्याइतकाच ग्राह्य धरायचा. “हे काय कारण झालं?” असं म्हणणारा एक मॅनेजर प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला दाखला दाखवायचा नाही, फक्त तारीख सांगायची.

आजार आईचा नसून बाळाचा असेल तर? कायद्याची भाषा बाईच्या आजाराची आहे. अपुऱ्या दिवसांचं बाळ चाळीस दिवस काचेच्या पेटीत होतं म्हणून वाढीव महिना आपोआप मिळेल असं नाही. पण असे चाळीस दिवस हॉस्पिटलच्या बाकावर काढलेली आई स्वतः धडधाकट असेल, हे मला तरी पटत नाही. तिला डॉक्टरांकडे स्वतःचीही तपासणी करून घ्यायला सांगा. दाखला मिळाला तर प्रश्न मिटला. नाही मिळाला तर ही रजा कंपनीने आपल्या खिशातून द्यावी. अशी वेळ वर्षानुवर्षांत एखादीच येते.

पैसे कोण देणार

ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेत) असलेल्या, म्हणजे दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कर्मचारी महिलेला प्रसूती लाभ महामंडळ देतं, कंपनी नाही. तिथेही वैद्यकीय सल्ल्याने आणखी एक महिना मिळतो. दाखला मात्र ईएसआयच्या डॉक्टरांमार्फत जावा लागतो. त्यानंतरही आजारपण चालू राहिलं आणि ती पात्र असेल, तर आजारपणाचा लाभ वेतनाच्या 70 टक्के दराने, 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो. हे तिला कुणी सांगत नाही. ती खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी ऑफिसात देते, ऑफिस ती फाईलला लावतं आणि क्लेम तसाच राहतो. अर्ज आल्या दिवशी तिला ईएसआय दवाखान्यात पाठवा. तुमच्या एका फोनने तिचा महिन्याचा पगार वाचतो.

ईएसआयसीच्या बाहेरच्यांना पैसे कंपनीच देते. दर ठरतो रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या सरासरी दैनिक वेतनावर.

कारणाच्या आत काय आहे

वैद्यकीय कारण नसेल तर बोलणं गरजेचं असतं. फोन करा, पण वेळ विचारून. बाळ झोपलेलं असताना दहा मिनिटं मिळतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “दोन महिन्यांनी काय वेगळं असेल?”

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. “सासूबाई गावाहून आषाढीनंतर येणार आहेत.” “पाळणाघरवाल्या बाई सहा महिन्यांच्या आत बाळ घेत नाहीत.” “बाळ बाटली घेत नाही, वरचं खायला लागलं की जमेल.” या प्रत्येक उत्तरात एक तारीख दडलेली आहे. ती सापडली की दोन महिन्यांचे कधी पाच आठवडे होतात, कधी अडीच महिने. अडीच झाले तरी चालतील, कारण ती तारीख खरी आहे.

कधीकधी उत्तर येतं, “माहीत नाही.” किंवा बराच वेळ शांतता. ती परत यायचं की नाही याच विचारात असते आणि तोंडाने म्हणवत नाही. अशा वेळी तिला राजीनाम्याची वाट दाखवू नका. “मग तुम्ही आरामात घरीच राहा ना” हे वाक्य काळजीचं वाटतं, पण ऐकणाऱ्याला ते ‘आम्हाला तुमची गरज नाही’ असं ऐकू येतं. प्रकरण पुढे वाढलं तर राजीनामा लिहून घेतल्याचा पुरावा म्हणूनही तेच पुढे येतं. तिला वेळ हवा असतो. पंधरा दिवसांची बिनपगारी रजा द्या आणि पुन्हा बोला.

एका कंपनीत (नाव राहू दे) मालकांनी हुकूमच काढला होता: वाढीव रजा हवी असेल तर ‘परत आल्यावर एक वर्ष नोकरी सोडणार नाही’ असा बॉण्ड लिहून द्यायचा. दोघींनी सही केली, वर्ष पुरं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींनी राजीनामे दिले. एक तर माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

जोडणी कशी करायची

आता वरचंच उदाहरण पुढे नेऊ. बाई लेखा विभागात आहेत, आठवड्याला सहा दिवस काम. आजारपण नाही. पीएल शिल्लक 22 दिवस. बाळाचे सहा महिने 20 ऑगस्टला पुरे होतात, पाळणाघर त्यानंतर बाळ घ्यायला तयार आहे. मागणी 31 ऑगस्टपर्यंतची.

सोमवार 6 जुलैपासून 22 कामाचे दिवस म्हणजे गुरुवार, 30 जुलैपर्यंत पीएल. शुक्रवार 31 जुलै आणि शनिवार 1 ऑगस्ट, दोन सीएल (नैमित्तिक रजा). सोमवार 3 ऑगस्टपासून शुक्रवार 14 पर्यंत 11 दिवस बिनपगारी. 15 ला स्वातंत्र्यदिन, 16 ला रविवार. सोमवार 17 ते शनिवार 29 ऑगस्ट घरून अर्धा दिवस काम. 31 ऑगस्टला, सोमवारी, ऑफिसात पूर्णवेळ.

दोन महिन्यांच्या मागणीत निव्वळ बिनपगारी दिवस फक्त अकरा झाले. अर्ज वाचताना मालकांच्या डोळ्यापुढे जो दोन महिन्यांचा खड्डा उभा राहतो तो एवढाच असतो. तिलाही कळतं की एका पगारात साधारण किती फरक पडणार आहे, आणि ती त्यानुसार हप्त्यांची सोय लावू शकते.

जोडणी करताना थोडी काळजी घ्यावी लागते. सगळी पीएल संपवून टाकू नका. बाळ पाळणाघरात जाऊ लागलं की पहिल्या दोन महिन्यांत सर्दी, ताप, जुलाब ठरलेलेच. चार-पाच दिवस शिल्लक ठेवायचे असतील तर बिनपगारी दिवस तेवढे वाढतील. हा पर्याय तिला सांगा आणि निवड तिच्यावर सोडा. मी स्वतः पाच दिवस राखून ठेवायला सुचवते. बिनपगारी काळातले रविवार कापायचे की नाही तेही आधीच लिहा, नाहीतर पगाराच्या दिवशी वाद होतो.

घरून काम हा हक्क नाही. कायदा एवढंच म्हणतो की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम ठरवता येतं. लेखा, डिझाइन, कस्टमर सपोर्ट यांना ते जमतं. प्रेस शॉपवरच्या ऑपरेटरला किंवा वॉर्डातल्या नर्सला नाही. तिथे दुसरं काहीतरी शोधावं लागतं: रात्रपाळीऐवजी सहा महिने फक्त पहिली पाळी, किंवा चार तासांची पाळी, किंवा काही आठवडे स्टोअर-तपासणीचं काम. पद आणि दर तोच ठेवून. ‘सोय’ म्हणून दिलेलं काम पगार उतरवून दिलं तर ती शिक्षा होते.

बिनपगारी दिवसांत पीएफची वर्गणी नसते आणि मासिक विवरणात ते एनसीपी, म्हणजे वर्गणी नसलेले, दिवस म्हणून दाखवावे लागतात. सेवा मात्र खंडित होत नाही, रजा मंजूर असली म्हणजे झालं. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांत खंड पडेल ही भीती बऱ्याच जणींना असते, तिचं निरसन करा. ग्रुप मेडिक्लेम चालू आहे ना आणि बाळाचं नाव त्यात घातलं का, हेही याच वेळी विचारा. नाव घालायची मुदत अनेक पॉलिसींत थोडीच असते.

टीमचं काय

तिचं काम कुणीतरी सहा महिने ओढत असतं. बहुतेकदा तीही एक बाईच असते, आणि तिला कुणी विचारत नाही. रजा मंजूर करण्याआधी तिच्याशी बोला. तिने आणखी आठ आठवडे ओढायचं असेल तर कामातून काय वगळता येईल, ते ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑडिट असेल तर तात्पुरता माणूस घ्या. आधीच घेतला असेल तर त्याचा करार 5 जुलैला संपतोय का, बघा. हे शेवटच्या दिवशी आठवणाऱ्यांत मीही आहे.

टीमला सांगायचं ते फक्त तारखेपुरतं. “त्या 31 ऑगस्टला येतील, तोवर जीएसटीचं काम अमुक बघतील.” कारण सांगायचं नाही, ‘तिची सासू येत नाहीये’ हेसुद्धा नाही.

आणि रजेत तिला कामाचे मेसेज करू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तर तिच्याकडून काम घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. नंतरच्या महिन्यांतही “ती फाईल कुठे ठेवलीय?” हा प्रश्न एकदा ठीक, पण तिसऱ्यांदा आला की ती रजेवर नाहीच.

“एकीला दिली तर सगळ्या मागतील”

मालकांचा हा नेहमीचा मुद्दा. माझं उत्तर: मागू देत, पण निकष एकच ठेवा. ऑफिसात पानभर लिहून ठेवा की वैद्यकीय वाढ कायद्याप्रमाणे, बाकी वाढ पीएल, सीएल आणि बिनपगारी मिळून अमुक आठवड्यांपर्यंत. अर्ज रजा संपण्याच्या किती दिवस आधी यावा, तेही लिहा. दोन आठवडे ठीक आहेत, पण आजारपणाला ही अट लावू नका. मग गोडीगुलाबीने बोलणारीला तीन महिने आणि कमी बोलणारीला नकार, असं होणार नाही. कंत्राटावरच्या बायकांनाही तेच लागू करा. कराराची मुदत मधेच संपली म्हणून प्रसूती लाभ थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात म्हटलं आहे.

मंजुरीचं पत्र

पत्र छोटं असावं, तारखा ठळक असाव्यात. साधारण असं:

*श्रीमती ______ यांस,*
*आपला दि. 22 जून 2026 चा अर्ज मिळाला. आपली प्रसूती रजा दि. 5 जुलै 2026 रोजी पूर्ण होत आहे. त्यापुढे आपणास खालीलप्रमाणे रजा मंजूर करण्यात येत आहे: दि. 6 ते 30 जुलै अर्जित रजा (22 दिवस), दि. 31 जुलै व 1 ऑगस्ट नैमित्तिक रजा (2 दिवस), दि. 3 ते 14 ऑगस्ट बिनपगारी रजा (11 दिवस).*
*दि. 17 ते 29 ऑगस्ट या काळात आपण, परस्परसंमतीने, घरून रोज अर्धा दिवस काम कराल व या काळासाठी निम्मे वेतन देय राहील. सोमवार, दि. 31 ऑगस्ट 2026 रोजी आपण पूर्णवेळ हजर व्हावे.*
*आपले पद, वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठता यांत कोणताही बदल होणार नाही. काही अडचण आल्यास दि. 10 ऑगस्टपर्यंत कळवावे.*

शेवटची ओळ गाळू नका. पाळणाघर ऐनवेळी नाही म्हणालं तर ते तुम्हाला तीन आठवडे आधी कळलेलं बरं. पत्राखाली तिची सही घ्या. ईमेलवर ‘मान्य’ असं उत्तर आलं तरी चालेल.

नाही म्हणायची वेळ आली तर

येते. पाच माणसांचं क्लिनिक असतं, दोघींपैकी एक नर्स आधीच सोडून गेलेली असते, आणि सहा महिने आणखी मागितलेले असतात. तेव्हा नकार द्या, पण समोर बसून किंवा फोनवर द्या आणि त्यासोबत जे जमतं ते सांगा. “सहा महिने जमणार नाहीत. सहा आठवडे जमतील, आणि त्यानंतर दोन महिने तुम्ही चार तास या.” नकारात कारण तुमच्या अडचणीचं असावं, तिच्या आईपणाचं नसावं. “मूल झालं की असंच होतं” हे मनातसुद्धा म्हणू नका, ते चेहऱ्यावर दिसतं.

वैद्यकीय वाढीच्या महिन्याला मात्र नकार देऊ नका, क्लिनिक कितीही लहान असो. कायदा लागू होण्यासाठी दुकान-आस्थापनेत दहा माणसं लागतात हे खरं, पण बाळंतपणातून आजारी पडलेल्या बाईला महिनाभर थांबू द्यायला दहा जणांची वाट का बघायची?

ठरल्या दिवशी आली नाही तर

पहिल्या दिवशी फोन. फोन लागला नाही तर घरच्या पत्त्यावर पत्र आणि ईमेल: अमुक तारखेला हजर होणं ठरलं होतं, काही अडचण असेल तर सात दिवसांत कळवा. मग दुसरं पत्र. एवढं झाल्याशिवाय मस्टरवरून नाव काढू नका आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरू नका. कायद्याप्रमाणे घेतलेल्या प्रसूती रजेत किंवा वैद्यकीय वाढीत कामावरून काढणं आणि त्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणं, दोन्ही बेकायदा आहे. ती रजा संपल्यावरही सुनावणीची संधी न देता काढलेला माणूस कामगार न्यायालयातून परत येतो, मागच्या पगारासकट. दहापैकी नऊ वेळा कारण साधं असतं: बाळ आजारी आहे, किंवा ती माहेरी आहे आणि पत्र सासरी पडून आहे.

31 ऑगस्टची सकाळ

पहिल्या दिवशी तिच्या टेबलावर सहा महिन्यांचा ढीग ठेवू नका. दुपारपर्यंत काय बदललं ते कुणीतरी नीट समजावून सांगा, जीएसटीचं काम दुसऱ्या दिवसापासून द्या. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ देणं बंधनकारक आहे. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. आसपासच्या कंपन्यांनी मिळून चालवलेलं सामाईक पाळणाघरही चालतं. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना मला तोच मार्ग खरा परवडणारा वाटतो.

वार्षिक मूल्यमापनात ती हजर होती तेवढ्याच महिन्यांचं काम मोजा. रजेचे महिने ‘सरासरी’ म्हणून धरले की तिची पगारवाढ न बोलता कापली जाते, आणि ते तिला कळतंच.

पाळणाघर नसेल तर निदान दूध काढून ठेवायला एक खोली लागते. खुर्ची, प्लगचा पॉइंट, हात धुवायला पाणी आणि दूध ठेवायला फ्रिजचा एक कप्पा, ज्यात सप्लायरने पाठवलेली मिठाई ठेवली जाणार नाही. आमच्याकडे स्टेशनरीची खोली दिली होती. तिथे सगळं होतं, फक्त दाराला आतून कडी नव्हती. ती बसवायला सुताराला वीस मिनिटं लागली, पण कडी नाही हे आमच्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. तोपर्यंत त्या बाई खुर्ची दाराला लावून बसत होत्या.